खर्जाचे दोन स्वभाव

चार आवाजांच्या गायनवृंदाशी ज्यांचा परिचय आहे, त्यांना खालच्या आवाजाचे, म्हणजे बासचे, दैव वेगळे सांगावयास नको. सोप्रानोची धून गुणगुणत श्रोते घरी जातात. बासची ओळ कोणाच्याही ओठांवर नसते. पण ती ओळ सुरातून ढळली, की वरचे तिन्ही आवाज डळमळू लागतात. आपल्या मैफलीत तंबोऱ्याचेही असेच आहे. तो सुरात असेतोवर त्याला कोणी दाद देत नाही. तो उतरला, की सर्वांच्या कपाळाला आठ्या पडतात.

गेल्या सात दशकांच्या पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात खर्जाची ही जबाबदारी प्रामुख्याने बास गिटार या विजेवरच्या वाद्याने वाहिली. या वाद्याचे दोन अभिजात घाट आहेत : प्रिसिजन बास आणि जॅझ बास. दोन्ही अमेरिकेतील फेंडर कंपनीचे, दोन्ही एकाच संशोधकाच्या कारकिर्दीतले. यांतील कोणता निवडावा, हा वाद वादकांमध्ये साठ वर्षांहून अधिक काळ चालू आहे. तो केवळ खरेदीचा प्रश्न आहे असे आम्हांस वाटत नाही. समूहात खर्जाने कसे वागावे, याविषयीच्या दोन भिन्न कल्पना येथे समोरासमोर उभ्या आहेत. म्हणून त्याचा थोडा साक्षेपाने विचार करावयास हवा.

आरंभ १९५१ साली कॅलिफोर्नियातील फुलर्टन या गावी झाला. लिओ फेंडर हे मुळात रेडिओ दुरुस्त करणारे कारागीर. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे. मात्र वादकांच्या अडचणी ते लक्षपूर्वक ऐकत. त्या काळी खर्जासाठी डबल बास हे माणसाच्या उंचीचे लाकडी वाद्य वापरीत. ते गाडीत मावत नसे, आणि ड्रम, शिंगे व विजेच्या गिटारी यांच्या कल्लोळात ऐकूही येत नसे. शिवाय त्याच्या मानेवर पडदे नसल्याने सूर अचूक लावण्यास वर्षानुवर्षांची साधना लागे. फेंडर यांनी चार तारांचे, गिटारसारखे अंगावर अडकवून वाजवता येईल असे वाद्य सिद्ध केले. तारेची कंपनक्षम लांबी ३४ इंच ठेवली आणि मानेवर २० पडदे बसविले. पडद्यांमुळे सूर नेमका लागतो, म्हणून नाव ‘प्रिसिजन’, अर्थात अचूकता. अशा वाद्याचा प्रयत्न त्याआधी, १९३०च्या दशकात, सिअ‍ॅटलच्या पॉल टटमार्क यांनीही केला होता. पण बाजारात आणि वादकांच्या हातांत रुजले ते फेंडर यांचेच वाद्य.

१९५७ साली प्रिसिजनला आजचे रूप आले. पिकअप म्हणजे तारांखाली बसविलेले चुंबक व त्यांभोवती गुंडाळलेली तांब्याची अतिशय बारीक तार. वाद्याची पोलादी तार कंप पावली, की या गुंडाळीत वीजप्रवाह निर्माण होतो आणि तोच अ‍ॅम्प्लिफायरमधून आवाज होऊन बाहेर येतो. अशी एकच गुंडाळी सभोवतालच्या विजेची घरघरही ओढून घेते. फेंडर यांनी पिकअपचे दोन तुकडे केले, प्रत्येक तुकडा दोन तारांखाली ठेवला आणि दोन्हींची जोडणी अशी केली, की एकातील घरघर दुसऱ्यातील घरघरीला छेद देते. वादकाच्या हाती उरली दोन बटणे : एक आवाजाचे, एक टोनचे. या वाद्याला एकच बोल आहे; तो कमी-अधिक उजळ करता येतो, इतकेच.

जॅझ बास १९६० साली आला. अधिक उंची, अधिक महाग आणि जॅझ वादकांना रुचेल असे वाद्य म्हणून त्याची आखणी झाली. देहाच्या दोन्ही बाजूंचे बाक एकमेकांसमोर न ठेवता किंचित सरकवले, त्यामुळे मांडीवर ते सहज विसावते. मूळच्या प्रिसिजनची मान वरच्या टोकाशी पावणेदोन इंच रुंद होती. जॅझची दीड इंचाहूनही थोडी कमी. आणि मुख्य म्हणजे पिकअप दोन : एक तारांच्या मधल्या भागाकडे, दुसरा घोडीजवळ. सुरुवातीच्या काही वाद्यांवर एकावर एक बसविलेली बटणे होती. लवकरच दोन पिकअपांसाठी आवाजाची दोन आणि टोनचे एक, अशी तीन बटणांची मांडणी रूढ झाली.

या दुसऱ्या पिकअपने काय साधले, हे समजण्यासाठी दोन खुंट्यांना बांधलेली दोरी डोळ्यांसमोर आणावी. ती हलवली, की मधोमध मोठा हेलकावा दिसतो आणि खुंटीजवळ फारच थोडा. तारेचेही तसेच. तिचा मूलस्वर मधल्या भागात जोरकस असतो. घोडीजवळ तो क्षीण होतो आणि त्याच्या मानाने वरचे उपस्वर ठळक होतात. घोडीजवळच्या पिकअपचा बोल म्हणूनच कणखर, काहीसा नाकातला आणि रेखीव येतो. दोन्ही पिकअप पूर्ण उघडले, तर एकाच तारेच्या दोन ठिकाणच्या कंपनांची बेरीज होते. काही उपस्वर वाढतात, तर मधल्या पट्टीतील काही एकमेकांना खोडतात. आवाज स्वच्छ व पारदर्शक होतो, मात्र पोटातला भरीवपणा थोडा कमी होतो. प्रिसिजनचा पिकअप या दोन टोकांच्या दरम्यान आहे. त्याचा जोर नेमका खालच्या-मधल्या पट्टीत, जेथे समूहातील इतर वाद्ये खर्जाला जागा सोडतात.

यावरून वादकांत एक सुटसुटीत मत रूढ झाले : प्रिसिजन साथीसाठी, जॅझ स्वतंत्र वादनासाठी, एक सेवकाचे वाद्य, दुसरे कलावंताचे. हे मत अर्धेच खरे आहे, आणि अर्धसत्य उलगडून दाखवणे हे समीक्षेचे काम असल्याने त्याची थोडी छाननी आम्ही करू इच्छितो.

प्रिसिजनचा सर्वांत थोर वादक कोण, असे विचारले तर बहुतेक जाणकार जेम्स जेमरसन यांचे नाव घेतील. डेट्रॉइट शहरातील मोटाउन कंपनीच्या तळघरासारख्या स्टुडिओत त्यांनी १९६०च्या दशकात असंख्य लोकप्रिय गीतांची साथ केली. ते मुळात डबल बास वाजवणारे. त्यांची १९६२ सालची प्रिसिजन, तिच्यावर चपट्या वेटाळणीच्या जाड तारा, त्या तारा तुटेपर्यंत न बदलण्याचा हट्ट, घोडीवरच्या झाकणाखाली फोमचा तुकडा, आणि उजव्या हाताची केवळ तर्जनी. साधनांची इतकी काटकसर क्वचितच पाहावयास मिळते. पण फोर टॉप्सचे ‘बर्नाडेट’ (१९६७) किंवा मार्व्हिन गे यांचे ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ (१९७१) ऐकावे. खालची ओळ एका जागी बसत नाही. ती गायकाला प्रश्न विचारते, पुढे धावते, तालाच्या कडेवर रेंगाळते आणि नेमक्या क्षणी मूळ स्वरावर परतते. तरीही गायकाचा एक शब्दही झाकोळत नाही. ‘सेवकाच्या’ वाद्यावर एका बोटाने केलेली ही सर्जनशीलता आहे. मोटाउनने अनेक वर्षे आपल्या साथीदारांची नावे मुखपृष्ठावर छापली नाहीत; जेमरसन यांचे नाव प्रथम झळकले ते १९७१च्या या ध्वनिमुद्रिकेवर. १९८३ साली ते निवर्तले, आणि त्याआधी थोडेच दिवस त्यांची ती प्रिसिजन चोरीला गेली होती.

दुसऱ्या बाजूला जॅको पास्टोरियस. त्याच्याजवळ १९६२चीच जॅझ बास होती, पण तिच्या मानेवरील पडदे काढलेले होते आणि लाकडावर नावांना लावतात तसल्या राळेचा कठीण थर दिलेला होता. वादन बहुधा घोडीजवळच्या पिकअपवर. त्याच्या १९७६च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील ‘पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी’ ही रचना तारेला हलकेच स्पर्श करून काढलेल्या उपस्वरांवर उभी आहे. खर्जाचे वाद्य तेथे एकट्याने गाते. १९८७ साली, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, त्याचा अंत झाला. विलक्षण गोष्ट अशी, की ज्या पडद्यांसाठी फेंडर यांनी हा सारा खटाटोप केला, तेच नसलेली जॅझ बास या वाद्याच्या इतिहासात अग्रस्थानी जाऊन बसली. ज्या जॅझ वादकांसाठी हे वाद्य घडले, त्यांपैकी बहुतेक जण डबल बासशीच एकनिष्ठ राहिले. त्याला आपलेसे केले ते रॉक, सोल आणि फंकच्या वादकांनी. अंगठ्याने तार ठोकण्याची व बोटाने खेचून सोडण्याची जी रीत लॅरी ग्रॅहम यांनी रूढ केली, तिला मार्कस मिलर यांनी आपल्या १९७७च्या जॅझ बासवर एक वेगळेच तेज दिले.

येथवर रूढ मताला निम्मा आधार मिळतो. पण लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत १९६०च्या दशकात काय घडत होते ते पाहिले, की तोही निसटतो. तेथे कॅरोल के या विदुषी प्रिसिजनवर, तर जो ऑस्बर्न हे १९६०च्या जॅझ बासवर साथ करीत. दोघेही प्लेक्ट्रमने, म्हणजे छोट्या नखीने, वाजवीत. दोघांच्याही तारा चपट्या वेटाळणीच्या. के यांचे वादन बीच बॉइज यांच्या ‘पेट साउंड्स’ (१९६६) या ध्वनिमुद्रिकेत आहे, तर ऑस्बर्न यांचे सायमन आणि गारफंकल यांच्या ‘ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर’मध्ये (१९७०). कलावंताचे म्हणवले जाणारे वाद्य तेथे निष्ठेने गायकाच्या पाठीशी उभे आहे. जुन्या तारा आणि संयमी हात असले, की जॅझ बासही मागे राहणे जाणते.

मग दोघांत खरा भेद कोणता? आमच्या मते तो साथ आणि स्वतंत्र वादन यांच्यातला नाही. निर्णय कोणी घ्यावयाचा, यातला आहे. प्रिसिजनमध्ये बोलाचा निर्णय वाद्य घडवणाऱ्याने आधीच घेतला आहे. वादकाने फक्त काय वाजवावे व केव्हा थांबावे, याची चिंता करावयाची. जॅझ बास तो निर्णय वादकावर सोडते. दोन पिकअपांचे प्रमाण काय ठेवावे, हे प्रत्येक गीतास, प्रत्येक सभागृहास नव्याने ठरवावे लागते. ज्याचा कान तयार आहे त्याला हे वरदान. ज्याचा नाही, तो बटणे फिरवण्यात अर्धी संध्याकाळ घालवतो.

निवडीच्या वेळी होणारी सर्वांत मोठी गफलतही येथेच आहे. दुकानात वाद्य एकट्याने वाजवून पाहिले जाते. एकट्यात जॅझ बासचा रेखीव, चमकदार बोल मोहवतो आणि प्रिसिजन काहीशी जाडीभरडी वाटते. पण खर्जाचे वाद्य एकट्यासाठी नसते. ड्रम, दोन गिटारी, कीबोर्ड आणि गायक एकत्र येताच पारडे पुष्कळदा फिरते. जॅझच्या ज्या पारदर्शकतेने भुरळ घातली ती गर्दीत विरून जाते, आणि प्रिसिजनचा जाडाभरडा बोल नेमक्या रिकाम्या जागी जाऊन बसतो. वाद्याची पारख समूहात करावी; समूह नसेल, तर निदान ध्वनिमुद्रित गीताबरोबर वाजवून करावी.

दोन व्यावहारिक बाबींचाही उल्लेख केला पाहिजे. ज्यांचे हात लहान आहेत, त्यांना जॅझची अरुंद मान मोठी सोय आहे. हात दुखत असेल तर नादाची चर्चा व्यर्थ. दुसरे म्हणजे, जॅझ बासच्या दोन पिकअपांची घरघर दोन्ही समान उघडले असतानाच एकमेकांना छेदते. एकच पिकअप वापरला की ती पुन्हा ऐकू येते. ट्यूबलाइट आणि सदोष वायरिंग यांनी भरलेल्या आपल्याकडील सभागृहांत हे ध्यानी ठेवलेले बरे. दोन्ही जातींचे पिकअप एकाच देहावर बसविलेली वाद्येही पुष्कळ बनतात. ती सोयीची आहेत. पण सोय झाली म्हणून निवड टळत नाही. अशा वाद्याचा धनीही अखेर एका बोलाकडे झुकतोच.

आमचा कौल असा. ज्याला गायकांच्या मागे उभे राहावयाचे आहे आणि जो या वाद्याची नव्याने ओळख करून घेत आहे, त्याने, हात पुरत असल्यास, प्रिसिजन घ्यावी. ती मोह कमी पाडते आणि लक्ष सुरावर, तालावर, विरामावर ठेवावयास शिकवते. ज्याच्या मनात स्वतःचा नाद आधीच उमटला आहे आणि जो तो शोधत आहे, त्याने जॅझ बास घ्यावी. तिच्या दोन बटणांत तो त्याला बहुधा सापडेल. जो अद्याप काहीच ठरवू शकत नाही, त्याने पैसे खर्च करण्यापूर्वी ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ आणि ‘पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी’ या दोन रचना लागोपाठ ऐकाव्यात. पहिलीत गायकाकडे पूर्ण दुर्लक्ष करून केवळ खालच्या ओळीचे बोट धरून शेवटपर्यंत जावे. दुसरीत खाली-वर असे काही उरतच नाही. या दोहोंपैकी कोणत्या वाटेने आपले पाऊल आपोआप पडते, हे ज्याचे त्याला कळेल. दुकानदाराला विचारावयाचे मग फक्त किमतीपुरतेच उरेल.