श्वासावरून रक्ताचे मोजमाप

नाकाबंदीत पोलीस वाहनचालकाला नळीत फुंकायला सांगतात. यंत्रावर आकडा उमटतो आणि त्यावरून पुढची कारवाई ठरते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ नुसार चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क आढळला तर तो गुन्हा ठरतो. मर्यादा रक्ताची, तपासणी मात्र श्वासाची! ही सांगड कितपत भरवशाची आहे, हे आपण पाहू.

फुप्फुसांतील वायुकोशांत रक्त आणि हवा यांच्यामध्ये अतिशय पातळ पडदा असतो. रक्तातील मद्यार्काचा थोडा अंश त्यातून हवेत येतो. हेन्रीच्या नियमाप्रमाणे ठरावीक तापमानाला या दोन प्रमाणांचे गुणोत्तर ठरलेले असते. व्यवहारात ते २१०० : १ धरण्याची प्रथा आहे. म्हणजे २१०० मिलिलिटर उच्छ्वासात जेवढा मद्यार्क, तेवढा १ मिलिलिटर रक्तात. या हिशेबाने कायद्याची मर्यादा एक लिटर उच्छ्वासात सुमारे ०.१४३ मिलिग्रॅम एवढी येते.

तत्त्व पक्के आहे. आमचा आक्षेप २१०० ला स्थिरांक मानण्यावर आहे. हा आकडा प्रकाशाच्या वेगासारखा नाही. तो माणसागणिक, शरीराच्या तापमानानुसार आणि फुंकण्याच्या पद्धतीनुसार बदलतो. समजा, दोन चालकांच्या श्वासात नेमका ०.१४३ मिलिग्रॅम मद्यार्क आहे. यंत्र दोघांनाही ३० दाखवील. पण एकाचे गुणोत्तर १८०० असेल तर त्याच्या रक्तात सुमारे २५.७ मिलिग्रॅम, आणि दुसऱ्याचे २४०० असेल तर ३४.३ मिलिग्रॅम मद्यार्क असेल. आकडा एकच, पण एक निर्दोष आणि दुसरा दोषी!

म्हणून यंत्र टाकाऊ ठरत नाही. सरासरी गुणोत्तर २१०० पेक्षा काहीसे जास्तच असते, त्यामुळे चूक बहुधा चालकाच्या फायद्याची होते. आकडा १०० आला तर शंकेला जागाच नाही. अशा चालकाला रोखल्याने पादचाऱ्यांचे जीव वाचतात. प्रश्न सीमेवरच्या आकड्यांचा आहे, कारण पहिल्या गुन्ह्यालाही सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

ब्रिटनने १९८१ च्या कायद्याने श्वासासाठीच वेगळी मर्यादा ठरवली : १०० मिलिलिटर उच्छ्वासात ३५ मायक्रोग्रॅम. त्यामुळे गुणोत्तराचा वाद बराचसा मिटला. आपल्याकडे कलम २०४ मध्ये डॉक्टरांकरवी रक्ततपासणीची सोय आहे. सीमेजवळच्या प्रत्येक प्रकरणात तिचा वापर व्हावा, असे आम्हांस वाटते.

शिक्षकांनी वरील गणित वर्गात जरूर करून घ्यावे. यंत्रावरच्या आकड्यामागे कोणते गृहीतक आहे, हे विचारण्याची सवय त्यातून लागेल.