सुट्टीचा ‘शेवट’ नक्की कधी येतो?

तारकर्लीला चार दिवस राहून आला असाल, तर शेवटचा दीड दिवस आठवून बघा. समुद्र तोच असतो, पण लक्ष कुडाळहून सुटणाऱ्या गाडीकडे लागलेलं असतं. ओले कपडे वाळतील का, मालवणातून कोकम-काजू घ्यायचे राहिलेत, होमस्टेच्या काकूंचा हिशोब बाकी आहे. पाय वाळूत आणि डोकं सोमवारात!

पर्यटनावर संशोधन करू पाहणाऱ्यांना हा दीड दिवस फार मोहात पाडतो. कारण ‘पीक-एंड’ हा प्रसिद्ध नियम. एखादा अनुभव आपल्या आठवणीत कसा राहतो, हे त्यातला सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट यांवरून ठरतं. तो किती वेळ चालला याला फारशी किंमत नसते. मग सल्ला तयारच : शेवटचा दिवस गोड करा, अख्खी सहल गोड होईल. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मीही हे जसंच्या तसं उचललं आणि चेक-आउटच्या वेळी पर्यटकांकडून प्रश्नावली भरून घेतली. आज टीका करायची आहे ती त्याच कामावर. सिनॉप्सिस लिहिताना तुम्हीही इथेच घसरण्याची शक्यता आहे.

आधी मूळ प्रयोग बघू. १९९३ साली डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी लोकांना गार पाण्यात हात बुडवायला लावला. एका फेरीत १४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ६० सेकंद. दुसऱ्या फेरीत तेच ६० सेकंद आणि वर आणखी ३० सेकंद, ज्यात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत आणलं. ‘यातली कुठली फेरी पुन्हा कराल?’ असं विचारल्यावर ३२ पैकी २२ जणांनी लांबलेली फेरी निवडली. एकूण त्रास जास्त, पण शेवट जरा सुसह्य.

प्रयोग उत्तमच आहे. पण नीट बघा : अनुभव जेमतेम दीड मिनिटाचा, एकाच प्रकारचा, आणि हात पाण्याबाहेर आला की संपला. शेवट कुठला, यावर वादच नाही.

माझी प्रश्नावली बघून मॅडमनी एवढंच विचारलं, “शेवट म्हणजे कधी?” देवबागच्या संगमावरची शेवटची संध्याकाळ? चेक-आउट? रात्रीची गाडी? की घरी बॅग उघडल्यावर सांडलेली वाळू? माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला सोयीची वाटली ती वेळ मी ‘शेवट’ म्हणून धरली होती. म्हणजे मोजली निघायची घाई, आणि तिला नाव दिलं सुट्टीची आठवण.

बरं, हा नियम खऱ्या सुट्टीवर तपासला गेलाच नाही असंही नाही. न्यूझीलंडमध्ये सायमन केम्प आणि सहकाऱ्यांनी सुट्टीवर गेलेल्या विद्यार्थ्यांकडून रोजच्या आनंदाची नोंद एसएमएसने मागवली आणि नंतर एकूण सुट्टी कशी गेली ते विचारलं. २००८ साली आलेल्या त्यांच्या निष्कर्षात सुट्टीच्या लांबीचा फारसा परिणाम दिसला नाही. इथवर नियम टिकला. पण पीक आणि एंड यांच्यापेक्षा सर्वांत लक्षात राहिलेल्या किंवा सर्वांत वेगळ्या २४ तासांवरून अंदाज चांगला बांधता आला. आणि असा दिवस शेवटचाच असेल असं थोडंच आहे?

यात नुकसान फक्त माझ्या पानांचं नव्हतं. माझ्या कच्च्या अहवालात होमस्टे चालवणाऱ्या काकूंसाठी शिफारस होती : ‘निरोपाची व्यवस्था सुधारावी.’ गाडी चुकेल या धास्तीत भरलेल्या फॉर्मचं खापर मी त्यांच्या डोक्यावर फोडलं होतं. तो अहवाल पुढे गेला असता तर सेमिनारमध्ये टाळ्या मला मिळाल्या असत्या आणि खर्च त्यांना पडला असता.

म्हणून गाजलेला नियम हाती आला की आधी तीन गोष्टी विचारा. मूळ अनुभव किती वेळाचा होता? त्याची सुरुवात आणि शेवट कोणी ठरवला? आणि माझ्या विषयात ते कोण ठरवतंय? तिसऱ्याचं उत्तर ‘मीच’ असेल, तर ती वेळ का निवडली हे सिनॉप्सिसमध्ये स्पष्ट लिहा. जमलं तर दोन-तीन वेगवेगळ्या वेळी विचारा.

माझे फॉर्म मी फेकले नाहीत. फायलीवरचं नाव मात्र बदललं : ‘निघतानाची मनःस्थिती’. त्यांतून तेवढंच कळतं, आणि तेवढं सांगायला ते पुरेसे आहेत.