'फ्रेंड्स'चा पहिला भाग आणि एक फसलेली प्रश्नावली

पीएचडीच्या मुलाखतीला गेलात की एक प्रश्न हमखास येतो: "तुमचा रिसर्च क्वेश्चन काय आहे?" बहुतेक जण त्यावर विषय सांगतात. "मी अमुक पदार्थाच्या गुणधर्मांवर काम करणार आहे." हा झाला विषय. प्रश्न म्हणजे ज्याचं उत्तर 'हो', 'नाही' किंवा 'इतकं' असं येऊ शकतं, आणि जो चुकीचा विचारला तर समोरची गोष्ट दिसतच नाही. हा फरक आज एका टीव्ही मालिकेवरून बघू. 'फ्रेंड्स' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल, काहींनी तर पाठही केली असेल. आपण फक्त पहिला भाग घेऊ.

आधी थोडी माहिती. हा भाग 22 सप्टेंबर 1994 रोजी अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर लागला. लेखन मार्टा कॉफमन आणि डेव्हिड क्रेन यांचं, दिग्दर्शन जेम्स बरोज यांचं. न्यूयॉर्कमधले विशी ओलांडलेले सहा जण, एक कॉफी शॉप, एक फ्लॅट. साधारण 22 मिनिटांत तीन गोष्टी चालतात. रेचल स्वतःच्या लग्नातून पळून, नवरीच्या पोशाखातच कॉफी शॉपमध्ये येते. रॉसची बायको कॅरल त्याला सोडून गेली आहे, कारण आपण समलिंगी आहोत हे तिला उमगलंय. मोनिका पॉल नावाच्या माणसाबरोबर जेवायला जाते. बायको सोडून गेल्यापासून दोन वर्षं आपल्याला कुणाशी जवळीक साधताच आलेली नाही, असं तो सांगतो. मोनिका विरघळते, रात्र एकत्र जाते. दुसऱ्या दिवशी कळतं की ती सगळी थाप होती आणि हीच थाप त्याने आधी दुसरीलाही मारली होती.

या तिसऱ्या गोष्टीवर वाहिनीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याचा आक्षेप होता. पहिल्याच भेटीत पुरुषाबरोबर झोपणारी नायिका प्रेक्षकांना कशी चालेल? म्हणून रंगीत तालमीला आलेल्या प्रेक्षकांना एक प्रश्नावली वाटण्यात आली. हा किस्सा कॉफमन यांनी नंतर अनेकदा सांगितलाय. 'मोनिका कशी बाई आहे असं तुम्हाला वाटतं?' अशा अर्थाचा प्रश्न, आणि खाली निवडायला बहुतेक शिव्याच. आणि प्रेक्षकांचं म्हणणं काय आलं? आमची काही हरकत नाही.

तुम्ही संशोधन पद्धतीचा पेपर दिला असेल तर इथे लगेच म्हणाल, हा लीडिंग क्वेश्चन झाला. उत्तर आधी ठरलंय, प्रश्न नंतर बेतलाय. बरोबर आहे. पण आणखी एक गोष्ट बघा. त्या कागदावर पॉलबद्दल काहीच नव्हतं. प्रसंगात खोटं बोलणारा एक माणूस आहे आणि विश्वास ठेवणारी एक आहे. मोजमाप फक्त दुसरीचं. प्रयोगात एक व्हेरिएबल मोजलंच नाही, तर निष्कर्षात ते येणार कुठून?

आता माझं म्हणणं मांडतो. प्रश्नावलीने 'निकाल' मागितला, आणि हा भाग नेमका निकाल न देण्याबद्दल आहे. मैत्री म्हणजे काय, याचं या 22 मिनिटांतलं उत्तर असं: समोरचा माणूस तोंडावर आपटलेला असताना त्याचा हिशेब काढायला न बसणं. दाव्याला पुरावा लागतो, म्हणून तीन प्रसंग घेऊ.

पहिला, रेचल येते तो. शहरात ओळखीची एक मोनिकाच, म्हणून तिच्याकडे आले, असं ती सांगते. मोनिका पटकन आठवण करून देते की त्या लग्नाचं बोलावणं मात्र आपल्याला नव्हतं. शाळेतली मैत्रीण, मधल्या काळात संबंध तुटलेला, लग्नाला विसरलेली, आणि आता संकटात दारात उभी. हिशेब काढायचा तर मोनिकाकडे सगळी कागदपत्रं तयार आहेत. ती एकच टोमणा मारते आणि विषय सोडते. पुढे फोनवर वडिलांशी बोलताना रेचल परस्पर ठरवून टाकते की आपण मोनिकाकडे राहू. मोनिकाला कुणी विचारलेलंही नसतं. तरी ती ठेवून घेते. हा प्रसंग गोड नाही, जरा अवघडलेला आहे, आणि म्हणूनच खरा वाटतो. मैत्रीची किंमत इथे एका माणसाने मोजलेली दिसते.

दुसरा, थाप उघडी पडल्यानंतरचा. मित्र मोनिकाची समजूत घालत नाहीत. उलट, ही थाप आहे हे तुला कळलं कसं नाही म्हणून जोई हसतो. पण ती 'कशी बाई आहे' हा प्रश्न त्या खोलीत कुणाच्याच डोक्यात येत नाही. फीबी म्हणते, आण तुझे पाय इकडे, आणि चोळायला लागते. मला हा सगळ्या भागातला सगळ्यात चांगला क्षण वाटतो. उपदेश नाही, 'मी सांगितलं होतं' नाही. राग काढायचा तो मोनिका स्वतःच काढते: पॉलचं घड्याळ पायाखाली चिरडते आणि झोपायला जाते. शिक्षा कुणाला हे भागाला पक्कं माहीत आहे.

तिसरा, रेचलचा. दिवसभरात बारा मुलाखतींतून ती हसं होऊन परत येते, वर निम्म्या किमतीत मिळाले म्हणून बूट घेऊन येते, तेही वडिलांच्या क्रेडिट कार्डवर. मग सगळे मिळून तिला ती कार्डं कात्रीने कापायला लावतात. इथे तुम्ही म्हणाल, हा निकालच झाला की! मान्य, माझ्या दाव्याला सगळ्यात जास्त ताण देणारा प्रसंग हाच. पण फरक बघा. ते तिच्या स्वभावाबद्दल काही ठरवत नाहीत, पुढच्या पावलाबद्दल आग्रह धरतात. चांगला गाइड आणि वाईट गाइड यांच्यातला फरकही साधारण इथेच असतो.

आता विरुद्ध पुरावा. फक्त आपल्या बाजूचे प्रसंग वेचले तर ती समीक्षा नाही, वकिली झाली. निकाल न देण्याचं हे औदार्य सोफ्यावर बसलेल्या सहा जणांपुरतंच आहे. कॅरल या भागात दिसत नाही, फक्त तिच्यावरचे विनोद दिसतात. रॉसचं दुःख खरं आहे, पण जिला लग्नानंतर स्वतःची ओळख पटली तिचंही काहीतरी झालं असेल, याची चौकशी कुणी करत नाही. दुसरं, फीबी आईची आत्महत्या आणि तुरुंगात गेलेला सावत्र बाप एका दमात सांगते, आणि ते फक्त हशासाठी आहे. रेचलच्या लग्नाला पूर्ण कान मिळतात, फीबीच्या बालपणाला नाही. आणि न्यूयॉर्कसारख्या शहरात हे सहाही जण गोरे. यावर पुढे खूप टीका झाली. कॉफमन यांनी ती अखेर मान्य केली आणि 2022 मध्ये ब्रँडाइस विद्यापीठाला आफ्रिकी आणि आफ्रिकी-अमेरिकी अध्ययनासाठी 40 लाख डॉलर दिले. म्हणजे माझा दावा टिकतो, पण त्याची व्याप्ती लहान होते. 'हा भाग निकाल देत नाही' असं लिहायचं नाही. 'हा भाग आपल्यातल्यांना निकाल देत नाही' असं लिहायचं. शोधनिबंधात रिव्ह्यूअर तुमच्याकडून करून घेतात ती दुरुस्ती बहुतेक वेळा अशीच, एका शब्दाची असते.

एक सावधगिरी राहिली. तुम्ही दहाही सीझन पाहिलेत, त्यामुळे शेवटी रॉस आणि रेचल अर्धं अर्धं बिस्किट खातात तिथे तुम्हाला पुढची दहा वर्षं दिसतात. हा हाइंडसाइट बायस. 1994 च्या प्रेक्षकाला एवढंच दिसलं होतं की एक घटस्फोटाच्या वाटेवरचा माणूस एका घाबरलेल्या मुलीला विचारतोय, कधीतरी तुला बाहेर भेटायला विचारलं तर चालेल का? करणाऱ्यांनाही सगळं माहीत नव्हतं. चँडलर आणि फीबी सुरुवातीला दुय्यम पात्रं म्हणून योजलेली होती. आज त्यांच्याशिवाय मालिकेची कल्पना करता येत नाही. जे पुरावा म्हणून वापरायचं ते त्या 22 मिनिटांतलंच हवं.

याच भागात एक गंमत आहे, ती सरावासाठी वापरा. रेचल फोनवर असताना बाकीचे टीव्हीवर एक स्पॅनिश मालिका बघत बसलेत. भाषा समजत नाही, तरी चेहरे बघून गोष्ट रचतात. कोण चिडलंय, कुणी काय घेऊन दिलंय, सगळं बिनधास्त. निरीक्षणावरून अनुमानावर कशी उडी पडते, याचं यापेक्षा सोपं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

तर हे करून बघा. भाग पुन्हा लावा. एका कागदाचे दोन रकाने करा. डावीकडे फक्त जे दिसलं, ऐकू आलं ते. उजवीकडे तुम्हाला जे वाटलं ते. मग उजवीकडच्या प्रत्येक ओळीसमोर डावीकडची ओळ आहे का, तपासा. जिथे नसेल तिथे खूण करा. आणि शेवटी वाहिनीच्या त्या प्रश्नावलीच्या जागी तुम्ही कोणता एक प्रश्न विचारला असता, तो लिहा. मी विचारला असता तो असा: "थाप कळल्यावर मोनिकाने सगळ्यात आधी कुणाकडे जावं असं तुम्हाला वाटतं?" तुमचा कमेंटमध्ये लिहा. पर्याय मात्र देऊ नका.