निळा रंग उतरवल्यावर

मुंबईच्या काळा घोड्याजवळचं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग अनेकांना फक्त ‘ती निळी इमारत’ म्हणून माहीत होतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये जीर्णोद्धारानंतर ते पुन्हा उघडलं, तेव्हा ओळखीचा आकाशी रंग गेला होता. त्याच वर्षी या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा संवर्धन पुरस्कार मिळाला. काम उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण इमारत ‘मूळ रूपात’ आणली म्हणतो, तेव्हा आपण नक्की काय परत आणतो?

हे सिनेगॉग १८८४ चं. जेकब ससून आणि त्यांच्या भावांनी ते वडील एलियास डेव्हिड ससून यांच्या स्मरणार्थ बांधलं. ससून म्हणजे बगदादहून आलेलं, अफू आणि कापसाच्या व्यापारात गबर झालेलं घराणं. प्रार्थनेचं दालन पहिल्या मजल्यावर आहे, त्याच्याही वर बायकांसाठी सज्जा. जेरुसलेम आपल्या पश्चिमेला, म्हणून मोठी रंगीत काचेची खिडकीही पश्चिमेच्या भिंतीत. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या चमूने हे काम केलं, पैसा जेएसडब्ल्यू फाउंडेशनचा.

मी दिंडोरीचा. आमच्याकडे जीर्णोद्धार म्हणजे बहुतेक वेळा जुन्या दगडावर ऑइलपेंट, गाभाऱ्यात बाथरूमच्या टाइल्स आणि वर सिमेंटचं नवं शिखर. त्यामुळे कुणी थर चढवण्याऐवजी उतरवतंय, हेच मला मोठं वाटतं. शिवाय रंगाचे जाड थर जुन्या भिंतीतली ओल आत कोंडून ठेवतात. मुंबईच्या पावसात ते परवडणारं नाही.

तरीही, आमच्या भाषेत सांगायचं तर, हा रोलबॅक आहे. पहिल्या व्हर्जनवर परत जाताना मधले सगळे बदल पुसले जातात. ज्यांनी ही वास्तू कायम निळीच पाहिली, त्यांच्या आठवणीत ती निळीच राहणार. तो रंगही इतिहासच होता, फक्त श्रीमंत संस्थापकाचा नव्हता. रंग उतरवणं बरोबर असेल, पण तो निर्णय आहे. ‘मूळ’ हा शब्द वापरला की तो निर्णय दिसेनासा होतो.

असाच एक निर्णय त्याआधीही होतो: जपायचं काय? मांडवीत शारे हरहामीम हे त्याहून कितीतरी जुनं सिनेगॉग आहे. ते १७९६ मध्ये सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी स्थापन केलं. दिवेकर बेने इस्रायली, कंपनीच्या फौजेतले अधिकारी. बेने इस्रायली म्हणजे कोकणात तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’. घरात मराठी बोलणारे, पेणकर-रोहेकर अशी आडनावं लावणारे. ते सिनेगॉगला मशीद म्हणत. मस्जिद स्टेशनचं नाव याच ‘जुन्या मशिदी’वरून पडलं, असं सांगितलं जातं. आपल्या भाषेशी जोडलेला हा इतिहास घाऊक बाजाराच्या गर्दीत उभा आहे. तिथे कॅमेरे घेऊन कुणी सहसा फिरत नाही.

गंमत अशी, की बगदादी मंडळी बेने इस्रायलींना बरोबरीचं मानत नसत. आज बगदादी जवळपास सगळे परदेशी गेले. देशात ज्यू उरले जेमतेम काही हजार, त्यातले बहुतेक बेने इस्रायलीच. सामुदायिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुष लागतात, त्याला मिन्यान म्हणतात. मुंबईत ही संख्या या ‘तेली’ मंडळींशिवाय गाठणं आता कठीण आहे. काचा, खांब, फरशी पैशाने पूर्ववत होतात. दहा माणसं तशी आणता येत नाहीत. म्हणून अशा कामाचं मूल्यमापन करताना आपण फक्त झळाळी मोजतो, हे मला अपुरं वाटतं.

काळा घोड्याला जाल तेव्हा ही वास्तू जरूर पाहा, ओळखपत्र जवळ ठेवा. मग सीएसएमटीहून एकच स्टेशन पुढे जा. मस्जिदला उतरून सॅम्युअल स्ट्रीट विचारा.