जन्मतिथीचा वाद व प्रतिपक्षाचें वर्णन

शिवछत्रपतींच्या जन्मतिथीवरील लेखांत एक गोष्ट वारंवार खटकते. शके १५५१, फाल्गुन वद्य ३ हाच पक्ष मलाही ग्राह्य वाटतो. आक्षेप आहे तो या पक्षाचे लेखक शके १५४९, वैशाख शुद्ध २ मानणारांचें जें चित्र काढतात त्यावर. 'बखरीवर भोळा विश्वास ठेवणारे' एवढ्यावर त्यांची बोळवण होते.

मल्हार रामराव चिटणीस हे बाळाजी आवजींचे वंशज. ज्या घराण्याकडे छत्रपतींची चिटणिशी होती, त्या घरांतील पुरुषानें दिलेली तिथि टाकावयाची तर सबळ कारण दाखवा, असें प्रतिपक्षास म्हणतां येतें. हें म्हणणें भोळें नाहीं. त्यास उत्तर मात्र आहे. चिटणिसांची बखर छत्रपतींच्या निधनानंतर (१६८०) सवाशेंहून अधिक वर्षांनीं झाली. सभासद तिथि देतच नाहीं. परमानंद तर समकालीन. शिवभारतांत शक शब्दांकांनीं दिला आहे: भू, बाण, प्राण, चंद्र. येथें अंकांची वामगति लावा वा न लावा, १५५१ च येतात! नकलकाराच्या हातून आंकडा सहज बदलतो, शब्द सहसा बदलत नाहीं, हें पोथ्या हाताळणारांस सांगावयास नको. टिळकांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केलेली जेधे शकावली हीच तिथि शुक्रवारासह देते, आणि जुन्या गणनेच्या १९ फेब्रुवारी १६३० रोजीं शुक्रवारच पडतो. उत्तर इतकें भक्कम असतां उपहासाचें प्रयोजन काय?

सर्वदर्शनसंग्रहकार स्वतः वेदांती. आरंभीं चार्वाकास तो एक शेलकें विशेषण देतो खरा. परंतु पुढें चार्वाकाचें म्हणणें असें मांडतो कीं, चार्वाकानेंही तें आपलें म्हणून ओळखावें. आमच्या लेखकांचा पूर्वपक्ष चिटणिसांनीं ओळखला असता काय? मी तरी कोणत्या तोंडानें विचारूं? शिक्षक असतांना चिटणिसांच्या नांवावर मीं वर्गांत मुलांस हसविलें आहे, आणि तोंवर त्यांची बखर मीं समग्र वाचलेली नव्हती.

दुसरा घोटाळा याहून ताजा. शासनानें २००१ सालीं १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. आमच्या अवसरी खुर्दच्या आसमंतांत, म्हणजे शिवनेरीच्या शेजारींच, जयंती तारखेनें कीं तिथीनें हा वाद ऐकूं येतो, आणि तिथि पाळणारांस कित्येक सुशिक्षित 'जुन्या पक्षाचे' समजतात. वस्तुतः ते फाल्गुन वद्य ३ च पाळतात. जन्मदिवस उभयतांचा एकच. भेद केवळ पंचांगाचा. वैशाखाच्या पक्षाशीं त्यांचा संबंध नाहीं.