अटी गेल्या, राजपुत्र उरले

स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेलगत, सेलकर्क गावाजवळ कार्टरहॉ नावाचं रान आहे. ‘टॅम लिन’ हे लोकगीत त्या रानातलं. जॅनेट मनाई मोडून तिथे जाते, परीराणीने पळवून नेलेल्या टॅम लिनवर तिचा जीव जडतो, तिला दिवस जातात. दर सात वर्षांनी पऱ्यांना नरकाचं देणं म्हणून एक जीव द्यावा लागतो आणि यंदा पाळी त्याची असते. हॅलोवीनच्या रात्री परीराणीची स्वारी निघते, तेव्हा जॅनेट त्याला घोड्यावरून खाली ओढून मिठीत घट्ट धरते. तो साप होतो, हिंस्र पशू होतो, धगधगता निखारा होतो. ती सोडत नाही. १५४९ च्या एका स्कॉटिश ग्रंथात या कथेचा उल्लेख सापडतो. आज इंग्रजीत ‘फे’ लोकांच्या प्रेमकादंबऱ्यांचा पूर आला आहे. त्यांना जोखताना मी एवढंच पाहते: इथे प्रेमाची किंमत काय, आणि ती कोण मोजतं?

हे ‘फे’ म्हणजे बालचित्रांतल्या इवल्या, पंखवाल्या पऱ्या नव्हेत. स्कॉटलंडमध्ये लोक त्यांना भिऊन ‘भले शेजारी’ म्हणत. विहिरी-तळ्यांवरच्या सातीआसरांचं नाव आपल्याकडे ज्या धाकाने घेतात, तसाच हा धाक. लोककथांतून आणि पुढच्या लेखकांच्या हातून त्यांच्याभोवती काही अटी रूढ झाल्या. त्यांना खोटं बोलता येत नाही, दिलेला शब्द मोडता येत नाही, लोखंड सोसत नाही. त्यांच्याकडचं अन्न खाल्लं की परतीची वाट बंद. या अटींमुळेच त्यांच्यावर प्रेम करणं धोक्याचं ठरतं.

सारा जे. मास यांच्या ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ने (२०१५) या प्रकाराला अफाट वाचकवर्ग मिळवून दिला. सांगाडा ‘ब्यूटी अँड द बीस्ट’चा, नायकाचं नावच टॅमलिन. पण कादंबरीत थोडं पुढे जाताच नायिका फेयराला कळतं, की लोखंडाची आणि खोटं न बोलण्याची गोष्ट ही निव्वळ अफवा आहे. अटी तिथेच संपतात. उरतो तो शेकडो वर्षांचा, देखणा, सामर्थ्यवान पुरुष; त्याचं परकेपण कानांच्या टोकांपुरतं. तरीही फेयरा पर्वताखाली जाऊन तीन परीक्षा देते आणि जीवही गमावते, तिथे जुन्या कथेची नस मास यांच्या हाती लागली आहे. दुसऱ्या भागात (२०१६) तर त्या खरोखर धाडस करतात: शाप सुटला तरी वाडा बंदच राहतो, रक्षणाच्या नावाखाली टॅमलिन तिला कोंडतो आणि ती निघून जाते. मूळ कथेवरची ही टीका मला फार मोलाची वाटते. पुढे मात्र नियतीने आधीच जुळवलेला जोडीदार हजर होतो. दोघांचं बंधन जन्मजात असेल, तर जॅनेटच्या हातांना काम काय उरलं? मास यांच्या मागून आलेल्या कितीतरी लेखकांनी नेमकी हीच सोय उचलली. पानोपानी धमक्या आणि शृंगार आहे, पण निर्णय कुणालाच घ्यावा लागत नाही.

हॉली ब्लॅक यांनी अटी सोडल्या नाहीत. ‘द क्रुएल प्रिन्स’ची (२०१८) ज्यूड ही माणसाची मुलगी. तिच्या आईवडिलांना ठार मारणाराच तिला परीराज्यात नेऊन वाढवतो. तिथे सगळे तिच्याहून सुंदर, बलवान, दीर्घायुषी. पण तिला एक गोष्ट जमते जी त्यांना जमत नाही: खोटं बोलणं. माणसाचा दोष तिथे तिचं शस्त्र होतो. राजपुत्र कार्डन वर्षभर आणि एक दिवस तिची आज्ञा पाळण्याचा शब्द देऊन बसतो आणि प्रेम त्या शब्दाच्या कचाट्यात वाढतं. कोण कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न शेवटपर्यंत सुटत नाही, म्हणूनच त्यांच्या एका चुंबनालाही वजन येतं.

आणि नेओमी नोविक यांची ‘स्पिनिंग सिल्व्हर’ (२०१८). ‘रम्पेलस्टिल्टस्किन’ ही कथा देणं बुडवणाऱ्यांच्या बाजूने सांगितलेली आहे, हे नोविक यांनी ओळखलं आणि ज्यू सावकाराच्या मुलीला नायिका केलं. मऊ मनाच्या बापाला वसुली जमत नाही. गाव तिच्या आईच्या हुंड्यावर चैन करतं आणि हे घर थंडीत उपाशी. मग मिर्यम स्वतः दारोदार हिशेब मागत फिरते. चांदीचं सोनं करते ती जादूने नव्हे, व्यापाराने: सोनाराकडून दागिना घडवून तो सोन्याच्या भावात विकते. हिमराज्याचा राजा तिला बायको म्हणून उचलून नेतो. त्याच्या राज्यात फुकट काहीच घेता येत नाही, हे ओळखून ती शय्येवरचा हक्क सोडते आणि त्या बदल्यात रोज रात्री आपल्या प्रश्नांची उत्तरं मागते. या देवघेवीतून आदर निर्माण होतो, प्रेम त्याच्याही नंतर. शेवटी राजाला तिच्या लोकांच्या रीतीने लग्न करावं लागतं. गेल्या काही वर्षांत या प्रकारात याहून समर्थ काही मी वाचलेलं नाही.

परीकथा नव्याने सांगण्याची वाट तशी जुनीच. रॉबिन मॅककिन्ली यांची ‘ब्यूटी’ १९७८ ची, अँजेला कार्टर यांचा ‘द ब्लडी चेंबर’ १९७९ चा. एकीने कथेवर माया केली, दुसरीने ती फाडून आतलं रक्त दाखवलं. टी. किंगफिशर यांची छोटेखानी ‘थॉर्नहेज’ (२०२३) दोन्हींच्या मधून जाते. त्यात झोपलेल्या राजकन्येला जाग येऊ नये म्हणून एक परी शतकानुशतकं पहारा देते.

या कादंबऱ्या तरुण मुली वाचतात म्हणून त्यांची समीक्षा करायची नाही, ही सवय आपण सोडली पाहिजे. सुरुवात करायची असेल तर ‘स्पिनिंग सिल्व्हर’ घ्या, मग ‘द क्रुएल प्रिन्स’. मास यांचे पहिले दोन भाग जरूर वाचा. पुढचे नाही वाचले तरी चालतील.