चार व्हायोलिन आणि हमनवा

पाश्चात्त्य अभिजात संगीतावर मराठीत जे थोडेफार लिहिले जाते, ते वाचकाच्या घरी पियानो असणारच असे धरून. कुर्ल्याच्या गल्लीत उरुसाच्या रात्री कव्वालीला बसणारा रसिक त्या लेखनाच्या हिशेबातच नसतो. आंतोनिओ विवाल्दीचा ‘लेस्त्रो आर्मोनिको’ हा बारा कॉन्चेर्तोंचा संच ऐकायला मात्र त्याचाच कान अधिक कामाचा आहे, असे आम्हाला वाटते.

हा संच १७११ साली ॲमस्टरडॅमला छापला गेला. कॉन्चेर्तो म्हणजे एका बाजूला एक किंवा मोजके वादक आणि दुसऱ्या बाजूला सारा ताफा. ताफा एक तुकडा वाजवतो, एकल वादक आपली करामत दाखवतो, ताफा तोच तुकडा घेऊन पुन्हा येतो. मुख्य कव्वाल गिरह लावून परतला की हमनवा मुखडा उचलतात, तसेच हे. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की आपला मुखडा त्याच षड्जावर परततो. विवाल्दीचा तुकडा मध्ये मध्ये षड्ज बदलून येतो, कधी अर्धाच येतो. घरी परतल्याचे सुख तो शेवटपर्यंत राखून ठेवतो.

संचात चार कॉन्चेर्तो एका व्हायोलिनसाठी, चार दोघांसाठी आणि चार चौघांसाठी आहेत. एकट्याचे आम्हाला त्या मानाने फिके वाटतात. सहावा तर जगभरच्या शिकाऊंनी घासून गुळगुळीत केला आहे. दहाव्याच्या संथ भागात चौघे एकच स्वरमेळ चार तऱ्हांनी मोडून वाजवतात. यात मुख्य कोण, हे सांगता येत नाही. बाखने हाच कॉन्चेर्तो चार हार्प्सिकॉर्डसाठी उतरवून घेतला. आठव्याच्या संथ भागात ताफा एक ओळ एका सुरात धरून ठेवतो आणि तिच्या आधाराने दोन व्हायोलिन गातात. ही तकरार आपल्या रसिकाला कोणी समजावून सांगायला नको.

तरी जग ओळखते ते १७२५ साली छापलेले ‘चार ऋतू’. तिथे सारा मामला एकाच व्हायोलिनचा. आमच्याकडेही कॅसेटवर नाव मुख्य कव्वालाचे, बाकीचे सारे ‘आणि पार्टी’. टाळी देणाऱ्याचे नाव कोण विचारतो? मुंबईच्या फिल्मी वाद्यवृंदांतल्या गोव्याच्या वादकांचेही तेच झाले. प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली रागांवर आधारलेल्या रचना मोठ्या वाद्यवृंदासह सादर केल्या. त्यांचे नाव घरोघरी पोहोचले ते १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यामुळे, आणि तेही एका पात्राचे नाव म्हणून.

विवाल्दी १७०३ पासून व्हेनिसच्या पिएता या अनाथालयात व्हायोलिन शिकवू लागला. तिथल्या मुली चर्चच्या सज्जात जाळीआड बसून वाजवत. त्यांना आडनाव नसे, म्हणून वाद्यच आडनाव होई. त्यांतली सर्वांत नावाजलेली, जिच्यासाठी विवाल्दीने खास कॉन्चेर्तो लिहिले, ती कागदोपत्री ‘ॲना मारिया व्हायोलिनवाली’ एवढीच आहे.